ळ नसलेला मुलूख

परदेशात राहून आलेल्या माणसाला आमच्याकडे पगाराचा प्रश्न कुणी विचारत नाही. पगार गावानं आधीच मोजलेला असतो. घरावर पडलेल्या स्लॅबवरून, बहिणीच्या लग्नात उठलेल्या पंगतींवरून. विचारतात ते उन्हाचं. "तिकडं लई ऊन असतंय म्हणं?" असं मराठीत, आणि "उधर गरमी भोत रहती क्या?" असं आमच्या घरच्या दखनीत. मी नळदुर्गचा. २००४ ते २०१३ अशी नऊ वर्षं जेद्द्यात एका बांधकाम कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होतो. परत येऊन आता बरीच वर्षं झाली, तरी हा प्रश्न काही संपला नाही. खरं म्हणजे उन्हाबद्दल सांगण्यासारखं फार थोडं आहे. पण लोक उन्हापाशीच थांबतात, पुढचं विचारत नाहीत. म्हणून पुढचं इथं लिहितो आहे.

आधी ऊनच उरकून टाकतो. नकाशा उघडला तर नळदुर्ग आणि जेद्दा ही दोन्ही गावं कर्कवृत्ताच्या खालीच सापडतील. म्हणजे मी उष्ण कटिबंधातून उठून उष्ण कटिबंधातच गेलो होतो. चैत्र-वैशाखात आमच्या बोरी नदीचं पात्र भाजलेल्या मडक्यासारखं होतं, किल्ल्याच्या दगडावर हात ठेववत नाही. त्यामुळं ऊन मला नवं नव्हतं. नवा होता तो घाम. आमचं ऊन कोरडं. सावलीत गेलं, घोटभर पाणी प्यालं की माणूस पुन्हा माणसात येतो. तिथं तांबडा समुद्र शहराला चिकटून आहे. सावलीत उभं राहा, रात्री अकराला उभं राहा, अंगाला चिकटलेला सदरा काही सुटत नाही. गोदामाच्या एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि समोरचं सगळं दिसेनासं व्हायचं. दिवसातून वीस वेळा चष्मा काढून पुसायचा. या एका गोष्टीनं मी जितका वैतागलो तितका पंचेचाळीस डिग्रीनं वैतागलो नाही.

आणि गिझर. हे ऐकून गावातली माणसं हसतात. तिथं पाण्याच्या टाक्या गच्चीवर. जुलै-ऑगस्टमध्ये थंड पाण्याच्या नळाला जे पाणी येतं त्यानं अंग भाजतं. मग जुनी माणसं नव्याला शिकवतात की उन्हाळा लागला की गिझर बंद करायचा. गिझर घराच्या आत, भिंतीच्या सावलीत असतो. त्यातलं साठलेलं पाणी रात्रभरात जरा निवतं. म्हणजे अंघोळीला थंड पाणी हवं असेल तर गरम पाण्याची तोटी उघडायची. वापरणारे पाच जण, गिझर बादलीभराचा. पहाटे फजरच्या अजानेआधी जो उठेल त्याचं नशीब. उरलेल्यांनी रात्रीच बादली भरून एसीखाली ठेवायची.

पाण्यावरून आठवलं. अब्बांना फोन केला की ते तब्येत विचारायच्या आधी विचारायचे, "पानी आता क्या उधर?" मराठवाड्यातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? जेद्द्यात पाणी टँकरनं येतं हे सांगितल्यावर त्यांना एकदम हायसं वाटलं, पोरगा काही फार लांब गेला नाही असं. त्या टँकरला तिथं 'वाइट' म्हणतात. पूर्वी व्हाइट नावाच्या अमेरिकन कंपनीचे ट्रक होते, ते गेले आणि नाव राहिलं, असं जुने ड्रायव्हर सांगायचे. शहराजवळ ना नदी ना तळं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कांच्या अमलात समुद्राचं पाणी उकळून त्याची वाफ थंड करणारं यंत्र तिथं बसवलं गेलं. इंग्रजीतल्या 'कंडेन्सर'चं लोकांनी 'किंदासा' केलं. आता समुद्राचं पाणी गोडं करणारे मोठमोठे कारखाने आहेत. शहर त्याच्यावरच जगतं. मला मात्र त्या शब्दाचीच गंमत वाटत राहिली. अरबी जिभेला जे जमलं नाही ते तिनं आपल्यासारखं करून घेतलं, आणि पुढं तेच बरोबर ठरलं.

भाकरीचंही सांगायला हवं. जेद्द्याच्या जुन्या भागात, बलदच्या गल्ल्यांत, लाकडी जाळीच्या उंच खिडक्या असलेली जुनी घरं आहेत. तिथं एका येमेनी माणसाच्या दुकानात मला ज्वारी दिसली. ते तिला 'दुरा' म्हणतात. दक्षिणेकडं जिझानच्या बाजूला पिकते. आनंदानं दोन किलो पीठ आणलं. पीठ जुनं, भरड. थापता थापता काठ फाटले, तव्यावर टाकताना मधोमध दोन तुकडे झाले. खोलीतल्यांनी ते रश्शात बुडवून खाल्ले आणि वाईट म्हणाले नाहीत. सुट्टी फक्त जुम्म्याची. नमाजच्या वेळी दुकानांची शटर खाली यायची. त्या वेळी तुम्ही बिलाच्या रांगेत दुसरे असाल तर सामान तिथंच ठेवून बाहेर अर्धा तास थांबायचं. (हे आता २०२१ पासून सैल झालं आहे असं ऐकतो.) अशा गोष्टी म्हटल्या तर कटकट, म्हटल्या तर काहीच नाही. कुठल्याही मुलखाची आपली एक रीत असते.

मग त्रास कशाचा होता? नळदुर्गात लाइट गेली की माणूस ओट्यावर येतो, टॉवेलनं वारा घेत लाइनमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. शेजारीही बाहेर येतो, तो आठवी पिढी जोडतो. उकाडा तेवढाच राहतो, पण तो वाटून घेतला जातो. जेद्द्यात आमच्या खोलीतला एसी ऐन ऑगस्टमध्ये चार दिवस बंद पडला होता. पाचही जण चार रात्री गच्चीवर झोपलो, आणि कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही. कँपच्या मुकादमाला सांगायला दुसऱ्या दिवशी कोण जाणार, यावरच रात्रभर गप्प होतो. तक्रार करणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तक्रार करायलाही पायाखाली आपलं गाव लागतं.

हाक मारण्याचीही एक तऱ्हा असते. तिथं आमच्यासारख्या प्रत्येकाला 'सदीक' म्हणतात. सदीक म्हणजे दोस्त. चांगला शब्द आहे. पण गाडीची काच अर्धी खाली करून, बोटानं खुणावून कुणी "या सदीक" म्हटलं की त्यात दोस्ती किती ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. नाहीतर मग 'मोहम्मद'. झाडूवाला बंगाली मोहम्मद, ड्रायव्हर पठाण मोहम्मद, मीही मोहम्मद. इतकं पवित्र नाव, आणि ते केवळ नाव विचारायचा कंटाळा म्हणून वापरलं जायचं, याचं मला फार वाईट वाटायचं. सगळेच असे नव्हते. गोदामात येणारा एक म्हातारा सौदी ट्रकमालक दर वेळी खाली उतरून सलाम करायचा, घरच्यांची खुशाली विचारायचा आणि माझं नाव माझ्या नावानंच घ्यायचा. नऊ वर्षांत असा एक माणूस लक्षात राहतो, यावरून बाकीच्यांचा अंदाज यावा.

माझ्या नावापेक्षाही गावाच्या नावाचे हाल झाले. अरबीत प नाही, च नाही, ट नाही, ड नाही. सोलापूरचं 'सोलाबूर' होतं. पुस्तकी अरबीत ग नाही. आणि ळ तर नाहीच नाही. जन्मगावाच्या रकान्यात काय लिहायचं यावर कारकुनानं दोनदा मान हलवली आणि जीम हे अक्षर वापरून 'नलदुर्ज' लिहून टाकलं. पुढच्या वेळी दुसरा कारकून बसला होता, त्यानं काफ वापरून 'नलदर्क' केलं. दोन कागदांवर दोन गावं. ते जुळत नाहीत म्हणून अर्ज परत आला, तीन फेऱ्या झाल्या, तीन दिवसांचा पगार कापला गेला. गाव माझं, अक्षर त्यांचं, आणि खुलासा लिहून खाली अंगठ्यासह सही माझी.

ळ शी माझं नातं जरा वेगळं आहे. आमच्या घरात तो नव्हताच. दखनीत ळ येत नाही. अम्मी शेवटपर्यंत 'नलदुरुग'च म्हणायची, केळ्याला 'मोज' म्हणायची म्हणून तिथं तिचं निभावून गेलं. ळ मला शाळेत मिळाला. पहिलीच्या गुरुजींनी जीभ उलटी वळवून टाळूला कशी लावायची ते बोट तोंडाशी धरून दाखवलं होतं. 'बाळ, फळ, कमळ' म्हणताना मी 'बाल, फल, कमल' म्हणायचो आणि वर्ग हसायचा. आठवड्याभरात जमलं. तेव्हापासून घरी ल आणि बाहेर ळ असा कारभार आयुष्यभर चालला, आणि त्यात कधी काही अडलं नाही.

जेद्द्यात माझ्या गावाचं नाव नीट उच्चारणारा एकच माणूस भेटला, तो कोट्टायमचा मल्याळी ख्रिस्ती, माझ्या शेजारच्या खाटेवरचा. पहिल्याच दिवशी त्यानं 'नळदुर्ग' असं स्वच्छ म्हटलं. मी चकित झालो. त्यानंच मग समजावलं की त्याच्या भाषेच्या नावातच ळ आहे, त्यात नवल कसलं? त्याची हिंदी मोडकी, माझी इंग्रजी मोडकी, मल्याळम आणि मराठीचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी त्या एका अक्षरामुळं आम्ही नऊ वर्षं शेजारी राहिलो. इतर लोकांना याचं कारण सांगितलं तर हसतील, म्हणून कधी सांगितलं नाही.

परत आल्यावर एका निवृत्त प्राध्यापक मित्रानं मला मेडोज टेलरचं आत्मचरित्र वाचायला दिलं. आमच्या गावात हा साहेब राहून गेला होता एवढं लहानपणापासून ऐकून होतो. किल्ला दाखवणारी पोरंही त्याचं नाव सांगतात. पुस्तक इंग्रजी, शिवाय जुनं. डिक्शनरी घेऊन चार महिने लागले. पण वाचताना सारखं वाटत होतं की हा माणूस माझ्या ओळखीचा आहे.

फिलिप मेडोज टेलर १८०८ साली लिव्हरपूलला जन्मला. पंधराव्या वर्षी त्याला मुंबईच्या एका इंग्रज व्यापाऱ्याकडं नोकरीसाठी जहाजावर बसवून दिलं. नोकरीचं वर्णन फार मोठं केलेलं होतं. १८२४ मध्ये मुंबईला उतरून बघतो तो व्यापारीच गोत्यात आलेला. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि स्वतःशीच हसलो. उमरगा, तुळजापूर, परंडा अशा कुठल्याही तालुक्यातली पोरं विचारा. एजंट सांगतो सुपरवायझर, तिथं गेल्यावर हातात फावडं येतं. फरक एवढाच की टेलरचा एक नातलग मुंबई सरकारात मोठ्या हुद्द्यावर होता. त्यानं पोराला निजामाच्या फौजेत चिकटवून दिलं. आमच्या पोरांचा नातलग कुठल्या सरकारात असणार?

तिथून हा माणूस दख्खनचाच झाला. फारसी शिकला, हिंदुस्थानी शिकला, मराठीही शिकला. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ मध्ये विलायतेत गाजली. शोरापूरला बारा वर्षं कारभार पाहिला. १८५३ मध्ये निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडाबरोबर आमचा मुलूखही कंपनीकडं सोपवला, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर म्हणून टेलर आला आणि १८५७ पर्यंत राहिला. पुढं १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला. जिल्ह्याचं ठाणं नंतर नळदुर्गहून धाराशिवला गेलं, धाराशिवचं उस्मानाबाद झालं, आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचं पुन्हा धाराशिव. माझ्या पासपोर्टावर उस्मानाबाद आहे, भाच्याच्या नव्या कागदांवर धाराशिव. घर एकच.

टेलरलाही ऊन लागलं, ताप आला. हिवतापानं त्याचा आयुष्यभर पिच्छा पुरवला. पुस्तकात पानोपानी तो ताप भेटतो. कामाचा डोंगर होता. त्यात तो कंपनीच्या पक्क्या मुलकी नोकरीतला नव्हता, निजामाच्या चाकरीतून आलेला. त्यामुळं काम तेवढंच करून मान मात्र कमी, हे दुखणंही होतं. १८३८ मध्ये रजेवर घरी जाऊन आला, त्यानंतर थेट १८६० मध्येच. बायको १८४४ मध्येच वारली होती. एकटेपणा काय असतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तरी आमच्या किल्ल्यावर त्याचा जीव होता. बोरीच्या पाण्यावर बांधलेला तो बंधारा, बंधाऱ्याच्या पोटात काढलेला पाणीमहाल (इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ सालचं काम), हे सगळं त्यानं फार मन लावून लिहिलं आहे. नदी भरली की नर आणि मादी हे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि आतल्या खोलीत बसलं तर समोर पाण्याचा पडदा. ही जागा ज्याला उकाड्यात मिळाली त्याचा हेवाच वाटावा. तुळजापूरच्या परिसरावर त्यानं 'तारा' नावाची कादंबरीसुद्धा लिहिली, ती १८६३ ची.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. टेलरलाही ळ येत नव्हता. त्याच्या पुस्तकात आमचं गाव 'नलद्रूग' आहे. वाचताना मला जेद्द्याचा कारकून आठवला. दोघांच्याही तोंडात माझं गाव मावलं नाही. पण जेद्द्यात मी परका होतो, म्हणून चुकलेल्या नावाखाली खुलासा मी लिहून दिला. नळदुर्गात टेलर परका होता, तरी बदललं ते गावाचंच नाव. सरकारी नकाशे, टपाल, कचेरीचे शिक्के, सगळीकडं इंग्रजी जिभेला जमेल तसंच गाव उमटलं, आणि आमच्या पणजोबांच्या पिढीतल्या कुणाला 'साहेब, ते असं नाही' म्हणायची सोय नव्हती. परका कोण हे जन्मगावावरून ठरत असेल असं मला वाटायचं. ते शिक्का कुणाच्या टेबलावर आहे यावरून ठरतं.

लोकांनी मात्र आपल्या परीनं उलट मोबदला घेतला. टेलरला रयत 'महादेव बाबा' म्हणायची. मेडोजचं महादेव झालं असावं, दुसरं काय. किंदासासारखंच. कागदावर नाही जमलं तर तोंडावर घेतलं.

माझ्याकडं शिक्का नव्हता, इकामा होता. म्हणजे राहण्याचा परवाना. तेव्हा तो छोट्या वहीच्या रूपात असे, नंतर त्याचं कार्ड झालं. मुसलमानांची वही हिरवी, इतरांची तपकिरी. माझी हिरवी, कोट्टायमवाल्याची तपकिरी. हिरव्या वहीमुळं मला जुम्म्याच्या सुट्टीत पाऊणशे किलोमीटरवरच्या मक्केला जाता यायचं, उमरा करता यायचा. त्याला त्या हद्दीबाहेरून वळसा घालून जाणारा रस्ता. ही माझ्या वाट्याची दौलत होती आणि तिच्याबद्दल मी आजही शुक्र मानतो. पहिल्यांदा काबा पाहिला तेव्हा अम्मीची आठवण येऊन मी किती तरी वेळ तिथंच बसून होतो.

पण रस्त्यात पोलिसानं गाडी थांबवली की हिरव्या-तपकिरीत फरक उरायचा नाही. दोघांनाही खाली उतरायचं, दोघांनाही कफीलचं नाव सांगायचं. कफील म्हणजे जामीन, ज्याच्या नावावर तुम्ही त्या देशात आहात तो. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. नोकरी बदलायची तर त्याची परवानगी, घरी यायचं तर त्याची परवानगी. सुट्टीवर गावी आलो की चावडीजवळ एक जुना वर्गमित्र हमखास म्हणायचा, "तुला काय, तिकडं समदं तुमचंच." त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. माझ्याबरोबर त्यानं विहिरीत उड्या मारलेल्या. मी त्याला एकदा नीट बसवून सांगितलं की बाबा, तिथं नमाज आपली आहे, जमीन आपली नाही. तिथं मला 'हिंदी' म्हणतात. त्यांच्या भाषेत हिंदी म्हणजे हिंदुस्थानी, मग तो कोट्टायमचा असो की नळदुर्गचा, हिरव्या वहीचा असो की तपकिरी. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मंग हितं यिऊन काय म्हणतेत तुला?" मी म्हटलं, "दुबईवाला." जेद्दा आणि दुबई यांच्यात अख्खं वाळवंट आहे, पण गावाला ते मान्य नाही. दोघंही हसलो.

२००९ च्या नोव्हेंबरात, ऐन हजच्या दिवसांत, जेद्द्यात पाऊस झाला. वर्षाकाठी जिथं दोन-तीन इंच पडतो तिथं काही तासांत आभाळ फाटलं. शहर कोरड्या ओढ्यांच्या वाटेत पसरलेलं, पाणी जायला जागा नाही. शंभराहून अधिक माणसं गेली, गाड्या काड्यांसारख्या वाहिल्या. आमच्या गोदामात छातीभर पाणी. आम्ही पोत्यांच्या थप्पीवर रात्र काढली. त्या रात्री एक नवल घडलं. समोरच्या इमारतीतल्या सौदी कुटुंबानं दोर टाकून आम्हाला एकेक करून वर घेतलं, कोरडे कपडे दिले, कहवा दिला. घरातली म्हातारी सरकारी बाबूंना, ठेकेदारांना मोठमोठ्यानं शिव्या घालत होती. तिच्या अरबीतलं मला निम्मं कळत होतं, पण सूर पुरता ओळखीचा होता. अगदी आमच्या ओट्यावरचा. मी आणि कोट्टायमवाला माना हलवत होतो. आपण काही बोलायचं नाही हे त्या घरातही आम्हाला विसरता आलं नाही.

अब्बा २०१० मध्ये गेले, बुधवारी रात्री. फोन आला तेव्हा तिथं इशाची वेळ होती. पासपोर्ट तिजोरीत, तिजोरीची किल्ली ज्याच्याकडं तो गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीला रियाधला गेलेला. तेव्हा तिथला आठवडा तसा होता. शुक्रवार-शनिवारची सुट्टी पुढं २०१३ मध्ये आली. पासपोर्ट हातात असता तरी बाहेर जाण्याचा आणि परत येण्याचा शिक्का कंपनीनं मागितल्याशिवाय मिळत नाही. गुरुवारी जोहरनंतर नळदुर्गात दफन झालं. धाकट्यानं फोन चालू ठेवून खिशात टाकला होता. मला पावलांचा आवाज, कलमा आणि मध्येच हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न एवढंच ऐकू आलं. शनिवारी किल्ली आली, रविवारी शिक्का झाला. हैदराबादला उतरून सोलापूरच्या बसनं मी मंगळवारी पहाटे नळदुर्गच्या फाट्यावर उतरलो तेव्हा कबरीवरची माती वाळून फिकी पडली होती.

कंपनीतल्या कुणी माझं वाईट चिंतलं होतं असं नाही. किल्लीवाला परत आल्यावर गळ्यात पडून रडला, त्याचंही खोटं नव्हतं. त्या व्यवस्थेत वाईट माणसाची गरजच पडत नव्हती, इतकंच. त्या बुधवारी रात्री खोलीतल्या चौघांनी माझ्याबरोबर दुआ मागितली. कोट्टायमवाला जरा बाजूला, हात बांधून उभा राहिला, आणि नंतर त्यानंच सगळ्यांसाठी चहा केला.

टेलरच्या पुस्तकाचा शेवट वाचताना त्याचा राग येईनासा झाला होता. छत्तीस वर्षं इथं काढून तो विलायतेला गेला, तिथंही जीव रमला नाही बहुतेक. १८७५ मध्ये म्हातारपणी पुन्हा हैदराबादला आला, आजारी पडला आणि परतीच्या वाटेवर १८७६ मध्ये फ्रान्समध्ये वारला. आत्मचरित्र दुसऱ्या वर्षी त्याच्या मुलीनं छापून आणलं. आमच्यापैकी किती जण छत्तीस वर्षं परमुलखात काढून येतात, त्यांचं पुस्तक होत नाही. त्यांच्याकडं सांगण्यासारखं कमी असतं असं नाही. नऊ वर्षांत मी उन्हाबद्दल एक ओळ कुणाला लिहिली नाही. घरी कळवायचं ते ड्राफ्ट पाठवल्याचं आणि खैरियतचं.

आता भाचा निघाला आहे. डिप्लोमा झालेला, हुशार. जेद्द्यातच, एसी दुरुस्तीचं काम. बहीण माझ्याकडं बघते, मी काय म्हणतो म्हणून. जाऊ नको म्हणायला माझ्याकडं दुसरी नोकरी नाही. शेती तीन एकर, तीही पावसावर. शिवाय काही बदललं आहे, हेही खरं. १४ मार्च २०२१ पासून तिथं बऱ्याच कामगारांना कफीलच्या परवानगीवाचून सुट्टीवर येता येतं, नोकरी बदलता येते, मोबाइलवरच अर्ज होतो. घरगुती नोकर, घरचे ड्रायव्हर यांना मात्र त्या वेळी त्यातून वगळलं. उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम आहे. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा हक्क आहे. तो कुणी मागितला तर काय करायचं हे मी त्याला दोनदा सांगितलं. बाकी गोष्टी तो जाऊन शिकेल.

परवा रात्री त्याला वही-पेन घेऊन बसवलं आणि गावाचं नाव अरबीत लिहायला शिकवलं. "मामू, गूगल है ना," तो म्हणाला. म्हटलं, बस. ग साठी जीम घालायचा नाही, छोटा काफही नाही. बडा काफ घालायचा. पुस्तकात त्याचा उच्चार काही असो, जेद्द्याची माणसं बोलताना त्याचा ग करतात; कहव्याला 'गहवा' म्हणतात ते त्यामुळंच. पहिल्या कागदावर जे लिहून घेशील तेच प्रत्येक कागदावर येतंय का ते बघ, कारकून कितीही घाईत असला तरी. त्यानं चार वेळा गिरवलं. चांगलं आलं अक्षर.

"और ळ?" त्यानं विचारलं.

म्हटलं, त्याला तिथं काही नाही. लाम लाव. खोलीत कुणी मल्याळी असला तर त्याला सांगून बघ.